मोटारसायकल शर्यतीत स्वाराच्या अंगकाठीतील फरक नियमाने भरून काढावा का?

प्रश्न : आर्वीकर_वाचक (आर्वी, जि. वर्धा)

मोटारसायकल शर्यतीत स्वाराचे वजन आणि उंची यांमुळे पडणारा फरक नियमाने भरून काढावा की तो खेळाचाच भाग मानावा, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत. माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याची उंची १८३ सेंटीमीटर असून वजन ७६ किलो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेची शर्यत झाली, तेव्हापासून त्याने या खेळाचा ध्यास घेतला आहे. शेतीची कामे सांभाळून त्याने पैसे साठवले, दक्षिणेतील एका सर्किटवर प्राथमिक प्रशिक्षणही घेतले. तेथील एका प्रशिक्षकाने त्याला सांगितले की, तुझी अंगकाठी या खेळासाठी नाही, पंधरा किलो वजन कमी करून ये. तेव्हापासून तो एक वेळ जेवतो आहे, आणि आमच्या घरात याच विषयावरून ताण निर्माण झाला आहे.

माझी शंका अशी आहे. फॉर्म्युला वनमध्ये चालकाचे किमान वजन २०१९ पासून स्वतंत्रपणे धरले जाते. आधी आसनासह ८० किलो होते, २०२५ पासून ते ८२ किलो केले आहे, आणि चालक त्याहून हलका असेल तर उरलेले वजन त्याच्या आसनाजवळच ठेवावे लागते. त्यामुळे उंच चालकाला उपाशी राहण्याचे कारण उरत नाही. गाडीपेक्षा मोटारसायकल कितीतरी हलकी असते, म्हणजे तेथे माणसाच्या वजनाचा वाटा कितीतरी मोठा असतो. असे असताना सर्वांत वरच्या मोटोजीपी गटात मात्र केवळ यंत्राचेच किमान वजन (१५७ किलो) का ठरवले आहे? पन्नास किलोचा दानी पेद्रोसा आणि १८४ सेंटीमीटर उंचीचा लुका मारिनी हे स्वार एकाच नियमाखाली धावले, हे न्याय्य आहे का?

उत्तर : वणीचे_गॅरेज (वणी, जि. यवतमाळ)

भाऊ, मी गेली अनेक वर्षे गाड्यांची इंजिने उघडतो आहे आणि हौशी स्वारांच्या गाड्या शर्यतीसाठी तयार करून देतो, त्या अनुभवावरून लिहितो. स्वार आणि गाडी यांचे एकत्रित वजन धरण्याचा नियम मोटारसायकल शर्यतीत मुळीच नाही, असे समजू नये. खालच्या दोन्ही जागतिक गटांत तो आहे. मोटो३ मध्ये, म्हणजे २५० सीसीच्या एका सिलिंडरच्या गाड्यांत, स्वार पूर्ण पोशाखात आणि गाडी मिळून किमान १५२ किलो भरले पाहिजेत. मोटो२ मध्ये ७६५ सीसीच्या ट्रायम्फ इंजिनांसह ही मर्यादा २१७ किलो आहे. वजन कमी भरल्यास गाडीवर बॅलास्ट, म्हणजे जड धातूचे तुकडे बसवावे लागतात.

खालच्या गटांत हा नियम असण्याचे कारण गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कोणालाही पटेल. होंडाची एनएसएफ२५०आर ही गाडी इंधनाशिवाय सुमारे ८४ किलोची आहे. तिच्यावर पोशाखासह ६० किलोचा मुलगा बसला तर बेरीज १४४ होते, आणि पोशाखासह ८० किलोचा बसला तर १६४ होते. इंजिन दोघांचेही तेच, ताकदही तीच. दुसऱ्याला मात्र जवळपास चौदा टक्के अधिक ओझे ओढावे लागते. इतक्या छोट्या इंजिनात वळणातून बाहेर पडताना हा फरक भरून काढायला ताकद शिल्लकच नसते. मी तर म्हणेन की, आपल्या देशातील ज्या स्पर्धांत सर्वांना एकाच कंपनीची एकसारखी गाडी दिली जाते, तेथे एकत्रित वजनाचा नियम असलाच पाहिजे. गाड्या एकसारख्या ठेवण्यासाठी सील, कार्ब्युरेटर, टायर एवढे सगळे तपासायचे आणि वीस किलोंच्या फरकाकडे डोळेझाक करायची, यात तर्क नाही.

उत्तर : काटोलचे_मास्तर (काटोल, जि. नागपूर)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वणीच्या भाऊंनी छोट्या गाड्यांबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण मोटोजीपीबद्दल प्रश्नकर्त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर थोडे निराळे आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय न्याय-अन्यायाचा निवाडा करू नये असे मला वाटते.

मोटारसायकल पुढे झेपावते तेव्हा तिचे पुढचे चाक उचलले जाऊ लागते. चाक उचलण्याच्या सीमेवर जास्तीत जास्त किती त्वरण मिळेल, हे दोन अंतरांच्या गुणोत्तरावर ठरते. मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून गुरुत्वमध्य आडव्या दिशेने किती पुढे आहे, हे एक अंतर. तो जमिनीपासून किती उंच आहे, हे दुसरे. या सूत्रात वस्तुमान येतच नाही. अडीचशेहून अधिक अश्वशक्तीच्या मोटोजीपी गाडीत पहिल्या तीन-चार गिअरांत ताकद गरजेपेक्षा जास्त असते. तेथे इंजिनाच्या आधी ही सीमा आड येते आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ताकद कापत असते. म्हणून तेथे वीस किलो जास्त असलेल्या स्वाराचे नुकसान, केवळ वजनाच्या हिशेबाने वाटते तेवढे होत नाही. मोटो३ ची ताकद सुमारे साठ अश्वशक्ती असल्यामुळे ती गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच या सीमेतून बाहेर पडते, आणि त्यापुढे प्रत्येक किलो जाणवतो. एकत्रित वजनाचा नियम खालच्या गटांत आहे आणि वर नाही, याला म्हणूनच शास्त्रीय आधार आहे. तो पुरेसा आहे का, हा निराळा प्रश्न.

ब्रेक लावतानाही तसेच घडते. कमाल मंदन पुन्हा गुणोत्तरावरच ठरते, कारण तेथे मागचे चाक उचलले जाते. मात्र जड स्वाराची गतिज ऊर्जा जास्त असल्याने ब्रेक अधिक तापतात, टायर लवकर झिजतो आणि इंधन थोडे अधिक लागते. वळणात झुकण्याचा कोन वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो. स्वार जड असल्यामुळे तो बदलत नाही. उलट रुंद टायरवर गाडी झुकली की टेकण्याची जागा आतल्या बाजूला सरकते, त्यामुळे गुरुत्वमध्य जितका खाली तितके किंचित जास्त झुकावे लागते. येथे उंच स्वाराला अल्पसा लाभच होतो.

सरळ रस्त्यावरील कमाल वेग ही मात्र वजनाची गोष्ट नाही, ती आकाराची आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर विरोध मोडायला आठपट ताकद हवी. २०२३ साली इटलीतील मुजेलो येथे मोटोजीपी स्वार ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग नोंदवला. अशा वेगात रुंद खांदे आणि फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाह्य आवरणाच्या, बाहेर येणारे गुडघे किती महाग पडत असतील याची कल्पना करावी. याचा उपाय बॅलास्टने होत नाही. कोणी गाडीवर दहा किलो लादले म्हणून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे खांदे अरुंद होत नाहीत. ‘अंगकाठीतील फरक भरून काढणे’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात वजन, उंची, बळ आणि हवेला अडवणारे क्षेत्रफळ अशा चार गोष्टी आहेत, आणि नियमाच्या हाती त्यांपैकी एकच लागते.

उत्तर : पटाचा_शौकीन (धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

मला हा सगळा खटाटोपच अमान्य आहे, आणि त्याची कारणे सविस्तर मांडतो.

आमच्याकडे तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहत मी मोठा झालो. जोडी हाकायला धुरकरी नेहमी हलक्या अंगाचाच निवडतात, कारण दोन जोड्यांमधील फरक सेकंदाच्या शतांशात मोजला जातो. धुरकऱ्याच्या कमरेला दगड बांधून जोड्या सारख्या कराव्यात असे आजवर कोणी सुचवले नाही. हलकेपणा हा त्याच्या गुणांपैकी एक आहे आणि केवळ हलका आहे म्हणून कोणी उत्तम धुरकरी होत नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे.

पेद्रोसाचेच उदाहरण घ्या. उंची १६० सेंटीमीटर, वजन पन्नासच्या आसपास. हलकेपणा हाच निर्णायक असता तर त्याने वरच्या गटातील अजिंक्यपदे ओळीने जिंकली असती. त्याने तेथे ३१ शर्यती जिंकल्या, पण विजेतेपद एकदाही मिळाले नाही. टायरवर पुरेसा भार न आल्यामुळे तो लवकर तापत नसे, थंड किंवा ओल्या हवेत त्याला मागच्या चाकाची पकड मिळत नसे, आणि दीडशेहून अधिक किलोची गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला लोटायला त्याच्याजवळ अंगाचा भार कमी पडे. दुसरीकडे व्हॅलेंटिनो रॉसी १८० सेंटीमीटरहून उंच असूनही वरच्या गटात सात वेळा विजेता ठरला. मार्को सिमोनचेली १८३ सेंटीमीटरचा होता, म्हणजे आपल्या पुतण्याएवढाच. त्याने २००८ साली २५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. दानिलो पेत्रुचीसारखा आडव्या अंगाचा स्वार २०१९ मध्ये मुजेलोच्या लांबलचक सरळ रस्त्यावर जिंकला.

आता अल्वारो बाउतिस्ताचे काय झाले ते पाहा. जागतिक सुपरबाइक या, रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारित शर्यतींच्या मालिकेत त्याने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली, २०२३ मध्ये तर २७ शर्यती जिंकल्या. लगेच २०२४ पासून नियम आला की, पोशाखासह ८० किलोपेक्षा जो हलका असेल त्याने फरकाच्या निम्मे वजन गाडीवर वाहावे. त्याच्या वाट्याला सुमारे सहा किलो आले. ज्या माणसाने डुकाटीवर कित्येक शर्यती स्वतःच्या चुकीने पडून गमावल्या आणि मग परिश्रमाने ती गाडी आत्मसात केली, त्याचे श्रेय वजनकाट्याला देण्यात आले, असे मला वाटते. इतरही हलके स्वार त्याच मैदानात होते. ते का जिंकत नव्हते?

उत्तर : दारव्ह्याच्या_क्रीडाशिक्षिका (दारव्हा, जि. यवतमाळ)

पटाच्या दादांचे उदाहरण मनाला भावते, परंतु एक गोष्ट सुटते आहे. धुरकरी निवडायला जोडीचा मालक मोकळा असतो. येथे मूल आधी खेळ निवडते आणि मग खेळ त्याला सांगतो की तुझे हाड चुकीचे आहे. मी शाळेतील मुला-मुलींना कबड्डी आणि कुस्ती शिकवते, म्हणून वजनाच्या नियमांनी शरीराचे काय होते हे मी रोज पाहते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगाटला ५० किलो गटात केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अंतिम लढतीआधी बाद करण्यात आले, तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. आदल्या रात्री तिने वजन उतरवण्यासाठी काय सोसले असेल, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला.

प्रश्नकर्त्या दादांनी लिहिले आहे की मुलगा एक वेळ जेवतो. मी थोडा हिशेब केला. १८३ सेंटीमीटर उंचीला ७६ किलो वजन असेल तर बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.७ येतो, म्हणजे मुलगा पूर्णपणे निरोगी आहे. पंधरा किलो उतरवले तर तो ६१ वर येईल आणि निर्देशांक १८.२ होईल, १८.५ च्या खाली गेलेल्या प्रौढाला कमी वजनाचा म्हणतात. हा मुलगा तर अजून वाढीच्या वयात आहे. हाडे, स्नायू, निर्णयाचा वेग, उन्हात टिकण्याची क्षमता या सगळ्यांची किंमत मोजून तो काही दशांश सेकंद विकत घेणार आहे. चामड्याच्या पोशाखात, चेन्नईच्या दुपारी, कमी खाल्लेला आणि कमी पाणी प्यालेला सतरा वर्षांचा मुलगा ताशी दीडशेहून अधिक वेगाने वळण गाठतो, हे चित्र मला भयावह वाटते. ज्या प्रशिक्षकाने वैद्यकीय तपासणीशिवाय असा सल्ला दिला, त्याने आपली जबाबदारी ओळखली नाही, असे मी स्पष्टपणे म्हणते.

म्हणून माझ्या मते नियमाचा हेतू सर्वांना समान करणे हा नसावाच. उंच मुलाला उपाशी राहून काहीही लाभ होऊ नये, एवढाच हेतू असावा. त्यासाठी एकत्रित वजनाची मर्यादा इतकी वर ठेवावी लागेल की निरोगी उंच मुलगाही तिच्या आत बसेल आणि बॅलास्ट हलक्या स्वाराच्या वाट्याला येईल. वणीच्या दादांनी दिलेले आकडे वापरले तर मोटो३ ची १५२ किलोची मर्यादा या कसोटीला उतरत नाही. गाडी ८४ आणि पोशाख दहा किलो धरला, तर मर्यादेवर पोहोचण्यासाठी स्वार ५८ किलोचा असायला हवा. या मुलाच्या उंचीला तो आकडा कुपोषणाचा आहे. म्हणजे नियम असूनही उंच मुलांना उपाशी राहण्याचा मोह तसाच राहतो; फक्त सर्वांत लहानखुऱ्या मुलांचा लाभ थोडा कमी होतो. सुरुवातीला ही मर्यादा १४८ होती, नंतर ती १५२ केली, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही आकडा कमी आहे हे जाणवले असावे.

मुलींच्या बाजूनेही याचा विचार व्हावा. स्पेनची आना कारास्को सुमारे १५५ सेंटीमीटर उंचीची आहे. तिने २०१८ साली सुपरस्पोर्ट ३०० या छोट्या गाड्यांच्या गटाचे जागतिक विजेतेपद मुलांबरोबर खेळून जिंकले. वैयक्तिक मोटारसायकल रोड रेसिंगमध्ये जगज्जेती झालेली ती पहिली महिला. उंचीने लहान असणाऱ्यांना ज्या थोड्या खेळांत समान पातळीवर उभे राहता येते, त्यांपैकी हा एक आहे. मर्यादा वाढवताना त्यांच्यावर इतका भार टाकू नये की गाडी आवरणेच कठीण व्हावे. मला यात सोपा मध्यबिंदू दिसत नाही, पण वाढीच्या वयातील मुलांचे आरोग्य पहिले असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

उत्तर : काटोलचे_मास्तर

ताईंचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला, तो बरोबर आहे, आणि या चर्चेत आलेला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटतो. नियम आहे की नाही यापेक्षा त्यातला आकडा कोणत्या शरीरावरून ठरवला, हे पाहिले पाहिजे.

बॅलास्टविषयी एक गोष्ट जोडतो, कारण ती दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात येत नाही. स्वाराच्या अंगातील वीस किलो आणि गाडीवर बसवलेले वीस किलो सारखे नसतात. अंगातील वजन स्वार क्षणोक्षणी हलवतो. ब्रेक लावताना मागे नेतो, वळणात आत झुकवतो, बाहेर पडताना पुढे आणतो. बॅलास्ट जेथे बसवला तेथे राहतो. पण तो कोठे बसवायचा हे अभियंता ठरवतो, आणि तो अर्थातच गाडीच्या मध्याजवळ व खालच्या बाजूला बसवतो, जेथे त्याचा उपद्रव सर्वांत कमी असतो. वजनकाट्यावर दोघे समान भरले तरी गाडी त्यांच्याखाली समान वागत नाही. बाउतिस्तासाठी फरकाच्या निम्मेच वजन का धरले, याचे एक समर्थन मला येथे दिसते. पेद्रोसाला ज्या अडचणी आल्या त्या हलक्या स्वाराच्या खऱ्या अडचणी आहेत; पूर्ण फरक लादला असता तर त्या अडचणी कायम ठेवून फक्त लाभ काढून घेतल्यासारखे झाले असते. पटाच्या भाऊंशी मी येथपर्यंत सहमत आहे. नियमच नको, या त्यांच्या निष्कर्षाशी मात्र नाही.

आर्वीकर_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे उत्तर मी पुतण्याला वाचून दाखवले आणि निर्देशांकाचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घेतला. तो आता विचारतो की, छोट्या गाड्यांचा गट आपल्या शरीराला बंद असेल, तर कोणत्या गाडीवर त्याचे वजन कमी आड येईल? वणीच्या भाऊंनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : वणीचे_गॅरेज

मोठी आणि जड गाडी निवडावी, हे थेट उत्तर आहे. रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी ६५० वर आपल्याकडे एकसारख्या गाड्यांची स्पर्धा २०२१ पासून सुरू झाली. रस्त्यावरची ही गाडी सुमारे दोनशे किलोची आहे. शर्यतीची थोडी हलकी असते, पण हिशेबाला दोनशे धरा. पोशाखासह ६५ आणि ८५ किलोच्या दोन स्वारांची बेरीज अनुक्रमे २६५ आणि २८५ होते, म्हणजे फरक साडेसात टक्के. ८४ किलोच्या गाडीवर याच दोघांत साडेतेरा टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय जड गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरवायला उंच आणि बळकट शरीर उपयोगी पडते. सरळ रस्त्यावर हवेचा तोटा राहीलच. तो कमी करण्यासाठी टाकीवर छाती टेकवून, कोपर गुडघ्यांच्या आत घेऊन बसण्याचा सराव त्याने घरी गाडी स्टँडवर लावूनही करावा.

प्रवेशिका भरण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. त्या गटात एकत्रित किमान वजनाचा नियम आहे का आणि असल्यास आकडा किती, फूटरेस्ट मागे-वर सरकवण्याची परवानगी आहे का, आणि आसनावर जाड फोम लावता येतो का. १८३ सेंटीमीटरच्या मुलासाठी शेवटच्या दोन गोष्टी पंधरा किलोंपेक्षा जास्त मोलाच्या आहेत, कारण गुडघा नव्वद अंशांपेक्षा फार जास्त दुमडला की दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि मग ब्रेकच्या जागा चुकू लागतात. कोइमतूरच्या कारी सर्किटची फेरी अवघी २.१ किलोमीटरची आहे आणि तेथे वळणामागून वळण येते, त्यामुळे पहिला सराव त्याने तेथे करावा. मोठा सरळ रस्ता नसल्याने त्याच्या उंचीचा तोटा तेथे कमी जाणवेल. आणि त्याला आजपासून दोन्ही वेळ जेवायला सांगा. त्याची गाडी तयार करायची झाली तर वणीला घेऊन या, सेटिंगचे पैसे मी घेणार नाही.